अँड्रॉइड सोडून आयफोन घ्यावा का? (क्लायंटचे कागद, कॉल रेकॉर्डिंग आणि माझं तिथीचं विजेट)

खतावणी (सातारा)

नमस्कार मंडळी. वाचक जुना आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी कर सल्लागार. वय ५३. जीएसटी, आयकराची विवरणपत्रं, दुकानदारांचे हिशेब, हेच काम. माझ्या फोनात दीडेकशे लोकांचे पॅन, आधारचे फोटो आणि बँक स्टेटमेंटच्या पीडीएफ आहेत. असू नयेत हे मलाही कळतं. पण लोक व्हॉट्सॲपवर टाकतात, "साहेब, पाठवलंय बघा" म्हणतात आणि ते तिथंच राहून जातं.

झालं असं, की माझ्याकडं कामाला असलेल्या मुलानं दिवाळीच्या आधी मोबाइलवरून आठ हजारांचं कर्ज घेतलं. ॲप प्ले स्टोअरवरचं नव्हतं, कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून उतरवलेलं. हप्ता चुकला आणि फोन सुरू झाले. त्याला कमी, मला जास्त. मग माझ्या तीन क्लायंटना. त्यातले एक सराफ, सत्तरीचे. त्यांना सकाळी पूजेच्या वेळी फोन, की तुमच्या माणसानं पैसे बुडवलेत, जामीन म्हणून तुमचं नाव आहे. संध्याकाळी दुकान वाढवून ते माझ्याकडं आले. आवाज चढवला नाही. चहासुद्धा घेतला. फक्त विचारलं, "माझा नंबर त्यांच्याकडं गेला कसा?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तेव्हापासून डोक्यात बसलंय की अँड्रॉइड म्हणजे वाड्याचा दिंडीदरवाजा, कुणीही यावं. भाचा म्हणतो, मामा, आयफोन घ्या, विषय संपवा.

आता दुसरी बाजू. २०१४ पासून मी अँड्रॉइडवर आहे आणि हा फोन मी हातानं घडवलाय. नोव्हा लाँचर, म्हणजे फोनचा पहिला पडदा हवा तसा मांडून देणारं ॲप. काळी पार्श्वभूमी, चारच आयकॉन. वर तिथीचं विजेट, त्याच्याखाली केडब्ल्यूजीटी या विजेट बनवायच्या ॲपमध्ये स्वतः बनवलेली पट्टी: ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी (दोन्ही जीएसटीची विवरणपत्रं), किती दिवस उरले ते दाखवते. दोनच दिवस उरले की लाल होते. हे करायला मला एक अख्खा गणेशोत्सव लागला होता, घरच्यांची बोलणी खाऊन. टास्कर या फोनची कामं आपोआप करून घ्यायच्या ॲपमध्ये अशी सोय केलीय की ऑफिसच्या वायफायला लागला की रिंग मोठी, घरच्या वायफायला लागला की रात्री नऊनंतर फक्त सात नंबर वाजतात. कीबोर्डच्या क्लिपबोर्डमध्ये नेहमीचे वीस-बावीस जीएसटी क्रमांक पिन करून ठेवलेत. दोन टिचक्यांत काम होतं.

आणि कॉल रेकॉर्डिंग. माझ्या धंद्यात "मी असं बोललोच नव्हतो" हे वाक्य महिन्यातून एकदा तरी येतंच. माझ्या फोनाच्या कंपनीचा डायलर गुपचूप रेकॉर्ड करतो, त्यामुळं हा फोन मी जपून वापरतोय. नव्या फोनांमध्ये गूगलचा डायलर असतो, तो समोरच्याला "आता हा कॉल रेकॉर्ड होत आहे" असं ऐकवतो म्हणे.

शिवाय मेमरी कार्डात वडिलांची जुन्या मैफलींची रेकॉर्डिंग आहेत, एमपी३, २८ जीबी. ती कुठं ठेवायची?

ज्यांनी स्वतः बदल केलाय त्यांनी सांगा. दुकानातल्या पोरांचं ऐकून झालंय.

---

आडवातिडवा (कराड)

काका, सराफांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच धाग्यात आहे. त्यांचा नंबर तुमच्या फोनातून गेलाच नाही, पोराच्या फोनातून गेला. तुम्ही दीड लाखाचा आयफोन घेतलात तरी पोराच्या यादीत "सराफ शेठ" राहणारच.

---

रात्रपाळी (पुणे)

वरच्याला +१, पण तेवढ्यावर सोडू नका. मी मोबाइल ॲप बनवण्याच्याच धंद्यात आहे, दोन्हीकडचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी त्या कर्जाच्या ॲपबद्दल. वैयक्तिक कर्ज देणाऱ्या ॲपनी संपर्कयादी आणि फोटो मागायचे नाहीत, हा नियम प्ले स्टोअरनं २०२३ च्या मे अखेरीस लागू केला. म्हणूनच ही मंडळी आता लिंकवरून एपीके, म्हणजे स्टोअरबाहेरून टाकायची ॲपची फाइल, देतात. आयफोनवर आपल्याकडं असं बाहेरून ॲप टाकणं सामान्य माणसाला जवळपास अशक्य. एवढा मुद्दा भाच्याचा बरोबर. पण काका, खरं सांगा, तुमच्या फोनातही एखादं एपीके असेलच की. माझ्यात न्यूपाइप हे यूट्यूब बघायचं ॲप आहे, आणि ते आलं त्याच दारातून. दार एकच. त्यातून कोण येतं हे ज्याच्या हातात फोन आहे त्याच्यावर.

दुसरं म्हणजे एसएमएस. आपल्या देशात मला सगळ्यात महत्त्वाचा फरक हा वाटतो आणि याबद्दल कुणी बोलत नाही. अँड्रॉइडवर परवानगी दिली की ॲप तुमचे मेसेज वाचू शकतं. बँकेचे सगळे मेसेज: पगार किती, हप्ता कधी, शिल्लक किती. आयफोनवर ॲपना तुमच्या मेसेजचा इनबॉक्स वाचायची सोयच नाही. यूपीआय सुरू करताना हे लगेच जाणवतं. अँड्रॉइडवर ॲप परस्पर मेसेज पाठवून मोकळं होतं, आयफोनवर लिहिलेला मेसेज समोर येतो आणि 'पाठवा' तुम्हाला दाबावं लागतं. बावळट वाटतं, पण बरं आहे.

आता कंपनी स्वतः काय गोळा करते ते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले डग्लस लीथ यांनी २०२१ मध्ये मोजलं होतं. टेबलावर नुसता पडलेला फोन, मग तो आयफोन असो की अँड्रॉइड, सरासरी साडेचार मिनिटांनी ॲपलला किंवा गूगलला निरोप धाडतो. अँड्रॉइडचा निरोप साधारण वीसपट मोठा निघाला. गूगलनं ती मोजणीची पद्धतच मान्य केली नाही, हेही सांगायला हवं. आणि ॲपल काही संतमहात्मा नाही. सफारी या ॲपलच्या ब्राउझरमध्ये शोधपेटी आपली ठेवायची म्हणून गूगलनं २०२२ या एका वर्षात ॲपलला वीस अब्ज डॉलर दिल्याचं अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. तुमची माहिती आम्ही विकत नाही म्हणणाऱ्यानं दारातली जागा मात्र भाड्यानं दिलीय.

तुमच्या पीडीएफ आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन कपाटात, जाणार असतील तर एक गोष्ट कराच. नेहमीच्या मांडणीत बॅकअपची किल्ली ॲपलकडंही असते. सेटिंगमध्ये 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' सुरू केलं की ती फक्त तुमच्याकडं राहते. मग पासवर्ड विसरलात आणि रिकव्हरी कीसुद्धा हरवली तर ॲपलही काही करू शकत नाही. ती कागदावर लिहून लॉकरमध्ये ठेवा. मेल, संपर्क आणि कॅलेंडर मात्र यात येत नाहीत.

आता वाईट बातमी. तुमचा लाडका नोव्हा लाँचर २०२२ मध्येच ब्रँच नावाच्या कंपनीनं विकत घेतला. धंदा: मोबाइलवर लोक काय करतात त्याचं विश्लेषण. मूळ बनवणारा माणूसही २०२५ मध्ये बाहेर पडला. लगेच घाबरायचं कारण नाही. पण लाँचर म्हणजे तुम्ही कुठलं ॲप कितीदा उघडता ते सगळं बघणारा माणूस. खासगीपणासाठी फोन बदलायला निघालाय, म्हणून सांगितलं.

क्लिपबोर्डमध्ये पिन केलेले जीएसटी क्रमांक एकवेळ चालतील. पॅन, पासवर्ड ठेवले असतील तर आजच काढा.

---

निळी शाई (नाशिक)

मी दोन वर्षांपूर्वी अँड्रॉइडवरून आयफोनवर आले. शाळेत शिकवते, तुमच्यासारखी टास्कर वगैरे भानगड नव्हती, तरीही पहिला महिना बॅक बटण शोधण्यात गेला. डावीकडच्या कडेवरून बोट सरकवायचं असतं, पण काही ॲपमध्ये ते चालत नाही, मग वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा ताणायचा. माझा हात लहान आहे.

तुमच्या यादीतलं एकेक सांगते. तिथीचं विजेट मिळेल, पण हवं तसं घडवता येणार नाही, कंपनीनं दिलेल्या दोन-तीन मापांतलंच घ्यावं लागतं. आयकॉन हवे तिथे ठेवायची परवानगी २०२४ मध्ये मिळाली! त्याआधी सगळे वरून ओळीत, प्रार्थनेला उभी केल्यासारखी. नावाची अक्षरं नंबरवर दाबून माणूस शोधायची सोयही तेव्हाच आली. लाँचर बदलणं हा प्रकारच नाही. टास्करऐवजी शॉर्टकट्स नावाचं ॲप असतं, वायफायवरून काही गोष्टी जमतात म्हणे, माझ्या मुलानं केलंय काहीतरी.

क्लिपबोर्डचा इतिहास नाही. एक कॉपी केलं की आधीचं गेलं. तुम्हाला हे फार टोचेल. आकड्यांची वेगळी ओळही कीबोर्डवर नसते, जीएसटी क्रमांक टाइप करताना सारखं मागे-पुढे करावं लागेल. दुसरा कीबोर्ड टाकता येतो, पण 'फुल ॲक्सेस' देऊ का असं विचारतो. तो न देताही टायपिंग होतं, आणि न दिल्यास कीबोर्डला तुमचं लिहिलेलं बाहेर पाठवता येत नाही. मी दिलेला नाही.

कॉल रेकॉर्डिंग २०२४ च्या शेवटी आलं, पण दोघांनाही घोषणा ऐकू येते. एका पालकांशी बोलताना माझा अंगठा चुकून लागला. ते जे गप्प झाले, ते पालकसभेतही गप्पच होते.

व्हॉट्सॲपचं आधी वाचून घ्या. जुन्या गप्पा ॲपलच्या 'मूव्ह टू आयओएस' ॲपमधून येतात, पण नवा फोन कोरा असतानाच. मी घाईत फोन सुरू करून बसले होते, मग सगळं पुसून पहिल्यापासून. दोन तास दोन्ही फोन चार्जरला लावून बसले.

बरं काय वाटलं ते सांगते. नवं ॲप उघडलं की विचारतो, 'हे ॲप तुमचा माग काढू पाहतंय, काढू द्यायचा का?' सेटिंगमध्ये हा प्रश्नच बंद केला की उत्तर कायम नाही. आणि एखाद्या ॲपनं संपर्क मागितले तर सगळी यादी न देता निवडक नावं देता येतात. मी एका ॲपला फक्त बहीण आणि नळवाला दिलेत.

गाण्यांचं माहीत नाही. माझ्याकडे गाणी नाहीत.

---

पावशेर

गाण्यांचं मी सांगतो. मेमरी कार्ड आयफोनात बसत नाही. व्हीएलसी हे गाणी वाजवायचं ॲप टाका, वायफायवरून कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून फायली ओढून टाकता येतात. पण २८ जीबी वायफायवरून म्हणजे कीर्तन संपेल, फायली संपणार नाहीत. केबलनं टाका.

अवांतर: कुणाच्या मैफली? वेगळा धागा काढा.

---

म्युनिकचा_पाऊस

तिसरा रस्ताही आहे, तोही सांगतो. मी तीन वर्षं गूगलच्या पिक्सेल फोनवर ग्राफीनओएस वापरतोय, अँड्रॉइडवरच बेतलेली पण खासगीपणा जपणारी वेगळी प्रणाली. हे पिक्सेलवरच चालतं. गूगलपासून लांब जायला गूगलचाच फोन विकत घ्यायचा, बायको अजून हसते.

खतावणी, तुमच्या दुखण्यावर यातली एक सोय अगदी नेमकी आहे. तिचं नाव 'कॉन्टॅक्ट स्कोप्स'. ॲपला वाटतं संपर्कांची परवानगी मिळाली, प्रत्यक्षात त्याला रिकामी वही दिसते. ॲप रुसत नाही, तुमचं काही जात नाही. ॲपचं इंटरनेटही ॲपागणिक बंद करता येतं. माझ्या कॅल्क्युलेटरला इंटरनेट नाही, कशाला हवंय?

पण भारतातल्या माणसाला हे घ्या म्हणायला जीभ रेटत नाही. बँकांची काही ॲप फोनची मूळ प्रणाली तपासतात आणि उघडतच नाहीत. माझ्या दोन भारतीय बँकांपैकी एकीचं चालतं, दुसरीसाठी जुना फोन कपाटात ठेवलाय. तो महिन्यातून एकदा चार्ज करतो. तुमचं रोजचं कामच बँका आणि पोर्टलवर, ऐन २० तारखेला ॲप रुसलं तर कुणाला सांगणार?

कॉल रेकॉर्डिंगवर थोडं. इकडे जर्मनीत समोरच्याला न सांगता बोलणं रेकॉर्ड करणं हा दंडसंहितेच्या कलम २०१ खाली गुन्हा आहे. आल्यावर सुरुवातीला मला हा अतिरेक वाटला होता. आता तुमचा धागा वाचताना असं वाटलं, की क्लायंटच्या खासगीपणासाठी फोन बदलायचाय आणि त्याच क्लायंटचा आवाज न सांगता साठवायचाय, हे एका वहीत कसं बसवता? टोमणा नाही. खरंच विचारतोय.

---

खतावणी (सातारा)

म्युनिककर, टोमणा असता तरी चालला असता. तुमच्या प्रश्नानं दोन दिवस झोप खराब केली. माझ्याकडं २०१९ पासूनची अकराशेच्या वर रेकॉर्डिंग आहेत. त्यातली मी उभ्या आयुष्यात चार ऐकली असतील. एकदा तर पुरावा म्हणून लावली आणि त्यात मीच चुकीची तारीख सांगितलेली निघाली. बघतो काय करायचं ते.

---

रात्रपाळी (पुणे)

काका, बदलायच्या आधी एक करून बघा. सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग परमिशन मॅनेजर, मग कॉन्टॅक्ट्स. आत किती ॲप आहेत ते मोजून इथे लिहा. शेजारीच 'ॲड्स'मध्ये जाहिरातींचा आयडी डिलीट करायची सोय आहे, तेही उरका. फुकट आहे सगळं.

---

खतावणी (सातारा)

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, ११ तारीख मध्ये आली.

मोजले. तेवीस. तेवीस ॲपना माझी संपर्कयादी दिलेली होती आणि देणारा मीच. त्यात एक टॉर्च. फोनात टॉर्च असताना मी वेगळा टॉर्च कधी आणि का घेतला, आठवत नाही. एक पीडीएफ जोडणारं. आणि एक, सांगताना लाज वाटते, तिथीचं विजेट. त्याला ठिकाण लागतं ते ठीक, सूर्योदय गावागणिक बदलतो. पण संपर्क कशाला? माझ्या मेव्हण्याचा नंबर बघून एकादशी ठरवणार होतं का?

आता पाचच राहिलेत. नोव्हा काढला. काढताना खरंच वाईट वाटलं, दहा वर्षं रोज बघितलेलं तोंड. दुसरा साधा लाँचर टाकलाय, लाल पट्टी त्यावरही चालते, तेवढ्यावर समाधान. पिन केलेल्या क्रमांकांमध्ये तीन पॅन आणि एका पोर्टलचा पासवर्ड निघाला. रात्रपाळी, तुम्ही म्हणालात तेव्हा मी मनात "आपण नाही त्यातले" म्हटलं होतं.

दुकानात जाऊन आयफोन अर्धा तास हाताळला. निळी शाई ताई, अंगठ्याचं अगदी खरं आहे. माझ्यासाठी नाही घेतला.

ऑफिससाठी घेतला. जुना, वापरलेला, ओळखीच्या माणसाकडून. क्लायंटचे सगळे नंबर आता त्याच्यात, ऑफिसचं वेगळं सिमकार्ड टाकून. संध्याकाळी तो कपाटात राहतो. पोराला समोर बसवून त्याच्या स्वतःच्या फोनातले क्लायंटचे नंबर काढायला लावले, एकशे बारा होते. तो काढत होता आणि मी बघत होतो, दोघंही गप्प. आठ हजार मी भरले होते, ते पगारातून थोडे थोडे वळते करतोय. हे इथं लिहायचं नव्हतं, लिहून गेलं.

सराफांकडं गेलो आणि नंबर कसा गेला ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझा नंबर तुमच्याकडं असला काय, तुमच्या पोराकडं असला काय, मला एकच की." मी हो म्हणालो. मग त्यांनी स्वतःचा फोन पुढं केला, यातलं बघा म्हणाले. त्यांच्यात एकतीस होते. टॉर्च त्यांच्याकडंही आहे.

रेकॉर्डिंग आपोआप होणं बंद केलंय. जुनी अकराशे अजून आहेत, पुसायला बसलो की एखाद्या गेलेल्या माणसाचं नाव दिसतं आणि हात थांबतो.

पावशेर, मैफलींचा धागा काढतो. आधी ३बी भरू द्या. ऑफिसमधनं आत्ता हाक येतेय, पोरगं विचारतंय, सर, ह्याच्यात मागं कसं जायचं?